परमाणू परस्परांस स्पर्श करतात काय?
अभिधर्मातील एक वाद आणि रासायनिक बंधाचा इतिहास

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी वर्षावासातील एका व्याख्यानमालेत रूपस्कंधाचे विवेचन करीत असताना, अभिधम्मातील 'कलाप' म्हणजेच आधुनिक विज्ञानातील रेणू होय, असे विधान आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने केले होते. श्रोत्यांनी टाळ्याही वाजविल्या. व्याख्यान संपल्यावर बारावीच्या विज्ञान शाखेत शिकणारी एक विद्यार्थिनी पुढे आली आणि तिने विचारले, "सर, पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. तसे कलापात काय काय आणि किती असते? आणि ते सगळे एकमेकांना धरून कसे राहते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही ग्रंथाच्या आधारे दिले. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र आम्ही अडखळलो. कारण तो प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे ऋण फेडण्याचा प्रयत्न आहे.

येथे शब्दांविषयी आरंभीच खुलासा करणे इष्ट होईल. मराठी पाठ्यपुस्तकांत मूलद्रव्याच्या सूक्ष्मतम कणास 'अणू' आणि अणूंच्या संयोगाने बनलेल्या कणास 'रेणू' म्हणतात. प्राचीन ग्रंथांत सूक्ष्मतम कणास 'परमाणू' अशी संज्ञा आहे. या लेखात प्राचीन कल्पनेसाठी 'परमाणू' व आधुनिक कल्पनेसाठी 'अणू' हे शब्द आम्ही कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत. शब्द सारखा दिसला म्हणजे अर्थही सारखा असतो, ही समजूत या विषयात फार घातक ठरलेली आहे.

पालि परंपरा : बांधून ठेवणारी धातू

सुत्तपिटकात परमाणुवाद नाही. तेथे पठवी, आपो, तेजो आणि वायो या चार महाभूतांची चर्चा येते. परंतु तिचा हेतू देहाविषयीची आसक्ती दूर करणे हा आहे. पदार्थविज्ञान सांगणे हा तिचा हेतू नाही. अभिधम्मपिटकात मात्र या चर्चेला शास्त्रीय काटेकोरपणा आला. 'धम्मसंगणी' या ग्रंथात आपोधातूचे लक्षण सांगताना स्नेह, म्हणजे ओलसर चिकटपणा, आणि 'रूपाचे बंधनत्व' असे दोन विशेष एकत्र आले आहेत. पुण्याच्या प्रा. पु. वि. बापट आणि प्रा. रा. द. वाडेकर यांनी १९४० साली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. मराठी अभ्यासकास हे लक्षण मुळातून पाहणे त्यामुळे सुलभ झाले.

या लक्षणाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपो म्हणजे केवळ विहिरीतील पाणी नव्हे. अट्ठकथाकारांच्या मते लोखंडाचा गोळाही आपोधातूमुळेच गोळा म्हणून टिकतो. द्रव्याला एकत्र बांधणारी जी शक्ती, तिला त्यांनी आपो म्हटले. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, स्थविरवादी परंपरेनुसार आपोधातू स्पर्शाने कळत नाही. पाण्यात हात घातला असता जो थंडपणा जाणवतो तो तेजोधातूचा. जो मऊपणा जाणवतो तो पठवीधातूचा. बांधून ठेवणे हे कार्य मात्र मनानेच जाणावयाचे आहे. बंध हा इंद्रियाला दिसत नाही, त्याच्या कार्यावरून तो अनुमानाने समजतो, हा विचार दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आलेला पाहून कोणत्याही अभ्यासकास आनंद झाल्यावाचून राहणार नाही.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' रचला. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी ज्याच्या संपादनासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली तोच हा ग्रंथ. त्यात बुद्धघोषांनी एक विलक्षण कल्पना मांडली आहे. मध्यम आकाराच्या मनुष्यदेहातील पठवीधातू परमाणूंइतकी बारीक कुटली, तर तिचे पीठ सुमारे एक द्रोण भरेल. तिच्या निम्म्या प्रमाणातील आपोधातू ते पीठ बांधून ठेवते, तेजोधातू त्याचे पालन करते आणि वायोधातू त्यास आधार देते, म्हणून ते विखरून जात नाही. मापाचा आकडा येथे महत्त्वाचा नाही. देह विखरून का जात नाही, असा प्रश्न कोणीतरी विचारला, हे महत्त्वाचे आहे. रोज जी गोष्ट डोळ्यांसमोर असते तिच्याविषयी आश्चर्य वाटणे, हा शास्त्राचा पहिला पाय होय.

पुढे 'अभिधम्मत्थसंगहा'च्या काळापर्यंत कलापाची कल्पना पूर्ण विकसित झाली. चार महाभूते आणि वर्ण, गंध, रस व ओजा असे आठ धर्म प्रत्येक कलापात असतात आणि ते कधीच विलग करता येत नाहीत, म्हणून त्यांना 'अविनिब्भोग' म्हटले आहे. आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे पाहा. पाण्याचा रेणू फोडला तर हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात. रसायनशास्त्राचा सारा संसार या वेगळे होण्यावर आणि पुन्हा जुळण्यावर उभा आहे. कलापातील आठ घटक मात्र व्याख्येनेच अविभाज्य आहेत. तेव्हा कलाप म्हणजे रेणू नव्हे. आमचे विधान चुकीचे होते.

काश्मीरमधील प्रश्न : हात हाताला का चिकटत नाही?

स्थविरवादाने ज्या प्रश्नाची सखोल चिकित्सा केली नाही, ती काश्मीरच्या वैभाषिक आचार्यांनी केली. तिची हकिकत आचार्य वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशभाष्या'त सापडते. वसुबंधूंचा काळ सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक मानला जातो. या ग्रंथाचे मूळ संस्कृत भारतातून नाहीसे झाले होते. चिनी व तिबेटी अनुवादांवरच अभ्यासकांना विसंबावे लागे. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी १९३० नंतरच्या दशकात तिबेटमधील विहारांतून हस्तलिखितांची छायाचित्रे आणली. त्यांवरून वा. वि. गोखले यांनी १९४६ साली कारिका आणि प्रल्हाद प्रधान यांनी १९६७ साली भाष्य प्रसिद्ध केले. ज्या देशात हा वाद झाला त्या देशाला त्याचे मूळ शब्द पुन्हा वाचावयास मिळाले ते असे, परक्या विहारांच्या कृपेने.

वादाचा मुद्दा वरकरणी साधा आहे. परमाणू एकमेकांना स्पर्श करतात काय? वैभाषिकांचे उत्तर 'नाही' असे होते, आणि त्यासाठी त्यांनी दुधारी युक्तिवाद केला. दोन परमाणू सर्वांगाने एकमेकांना भिडले, तर ते एकाच जागी येऊन एकरूप होतील; असे कितीही परमाणू एकत्र आले तरी त्यांचा आकार एका परमाणूइतकाच राहील. ते एका बाजूने भिडले, तर परमाणूला बाजू आहेत असे ठरेल. मग तो निरवयव कसला? म्हणून स्पर्श संभवतच नाही.

यावर प्रतिपक्षी विचारतो : स्पर्श होत नसेल, तर टाळी वाजविल्यावर आवाज कसा होतो? आचार्यांचे उत्तर मार्मिक आहे. स्पर्श होत नाही म्हणूनच आवाज होतो. परमाणू खरोखर भिडले असते, तर हातावर मारलेला हात हाताला चिकटून बसला असता आणि दगड दगडाला चिकटला असता. मग पुढचा प्रश्न येतो : परमाणू एकमेकांना भिडतच नसतील, तर ठोकर बसताच वस्तूचा भुगा का होत नाही? उत्तर मिळते : वायुधातू त्यांना धरून ठेवते. वायूचे काम तर विखरणे आहे, असे म्हणावे, तर प्रलयकाळी विखरणारा वायू वेगळा आणि विश्व घडत असताना धारण करणारा वायू वेगळा, असे समाधान केले जाते.

हे शेवटचे समाधान कोणास पटेल असे वाटत नाही. त्याच ग्रंथात अन्यत्र संग्रह करणे, म्हणजे एकत्र धरणे, हे कार्य आपोधातूचे म्हटले आहे. भदंत म्हणून उल्लेखिलेल्या एका आचार्यांचे मत वसुबंधूंना अधिक पटते : परमाणू वस्तुतः स्पर्श करीत नाहीत, त्यांच्यामध्ये अंतर उरले नाही की आपण त्याला 'स्पर्श' असे नाव देतो. म्हणजे स्पर्श हे एक व्यावहारिक नाव आहे, स्वतंत्र वस्तू नव्हे. पुढे 'विंशतिका' या ग्रंथात वसुबंधूंनी हा युक्तिवाद टोकाला नेला. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू जोडले गेले, तर त्याचे सहा भाग मानावे लागतील. सहाही एकाच जागी असतील, तर पिंड एका परमाणूएवढाच होईल. तेव्हा निरवयव परमाणूंपासून बनलेले बाह्य जगच सिद्ध होत नाही, असा विज्ञानवादी निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष आपण मानो वा न मानो. जो कण अविभाज्य आहे तो दुसऱ्याशी जोडला कसा जातो, ही अडचण त्यांनी जितक्या स्पष्टपणे दाखविली तितकी क्वचितच कोणी दाखविली असेल.

इतर उत्तरे

न्याय-वैशेषिकांनी दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अशी रचना कल्पिली. संयोग हा त्यांनी एक गुण मानला आणि समवाय हा स्वतंत्र पदार्थ मानला. परंतु सृष्टीच्या आरंभी परमाणूंना गती कोण देतो, असे विचारले असता प्रशस्तपादांसारख्या भाष्यकारांनी अदृष्टाचा आणि महेश्वराच्या इच्छेचा आश्रय घेतला. बौद्धांनी हा मार्ग पत्करला नाही.

जैन आचार्य उमास्वाती यांनी 'तत्त्वार्थसूत्रा'त दिलेले उत्तर सर्वांत अधिक तपशिलाचे आहे आणि प्रामाणिक अभ्यासकाने ते सांगितलेच पाहिजे. परमाणूंत स्निग्ध व रूक्ष असे दोन गुण कमीअधिक अंशांनी असतात आणि त्यांमुळे बंध घडतो. सर्वांत कमी अंशाच्या परमाणूंचा बंध होत नाही. बंधासाठी दोन अंशांचा फरक असावा लागतो. विरुद्ध गुणांमुळे जोड होते आणि तिला नियम असतात, ही कल्पना खरोखर वेधक आहे. मात्र हे अंश कोणी मोजले नाहीत आणि कोणता पदार्थ किती स्निग्ध, हे कोणी तपासले नाही.

अंकांचा मोह

मोजले नाही, हे आमचे म्हणणे कोणास अन्यायाचे वाटेल. कारण ग्रंथांत तर मापांच्या मोठमोठ्या याद्या आहेत. अभिधर्मकोशानुसार सात परमाणूंचा एक अणू, सात अणूंचे एक लोहरज, आणि अशी सातपटीने चढत जाणारी मालिका लीख, ऊ व यव यांवरून बोटाच्या पेरापर्यंत पोहोचते. अशा अकरा पायऱ्या आहेत. म्हणजे एका पेरात १,९७,७३,२६,७४३ परमाणू ओळीने मावतात. पेर सुमारे दोन सेंटिमीटर धरले, तर परमाणूचा आकार सेंटिमीटरच्या सुमारे शंभर कोटीव्या भागाइतका येतो. हायड्रोजनचा अणू सेंटिमीटरच्या सुमारे दहा कोटीव्या भागाइतका आहे. पाहा, केवळ दहापटीचा फरक! अशा आकड्यांवर व्याख्याने रंगतात. आमचेही रंगले होते.

परंतु हीच यादी खालून न वाचता वरून वाचून पाहावी. पेराचा तीनशे त्रेचाळीसावा भाग म्हणजे एक लीख, असे ती सांगते. हा आकार मिलिमीटरच्या सुमारे सतराव्या भागाइतका येतो. प्रत्यक्षात डोक्यातील लीख अर्ध्या ते एक मिलिमीटर लांबीची असते. जी वस्तू फणीवर नुसत्या डोळ्यांनी दिसते, तिचेही माप दहापटीने चुकले आहे. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या परमाणूचे माप बरोबर आले असे कसे म्हणावे? शिवाय 'विभंगा'च्या अट्ठकथेतील यादी वेगळी आहे. तेथे चार पायऱ्या छत्तीसपटीच्या आणि तीन सातपटीच्या आहेत. त्यानुसार एका अंगुलात ५७,६१,०८,२८८ परमाणू येतात. दोन्ही बौद्ध परंपरा, दोन्ही आदरणीय, आणि आकड्यांत तिपटीहून अधिक अंतर. सूक्ष्मतेची जाणीव मनावर ठसविण्यासाठी केलेला तो गुणाकार होता. त्याला मोजमाप म्हणणे हा ग्रंथकारांवरच अन्याय आहे.

नखावरील थेंब

मग बौद्ध परंपरेत प्रत्यक्ष करून पाहण्याची वृत्ती नव्हतीच काय? होती, पण ती अभिधम्मात न शोधता विनयात शोधली पाहिजे. 'महावग्गा'च्या चीवरक्खंधकात असे आले आहे की, भिक्खू शेणाने किंवा पिवळ्या मातीने चीवर रंगवीत आणि रंग वाईट येई. तेव्हा भगवंतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांपासून काढलेल्या सहा रंगांची अनुज्ञा दिली. कच्च्या रंगाने चीवराला वास येऊ लागला, तेव्हा रंग शिजविण्याची अनुज्ञा दिली. रंग शिजला की नाही हे कळेना, तेव्हा त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहण्याची अनुज्ञा दिली. अडचण, उपाय, नवी अडचण, परीक्षा, असा हा क्रम आहे. रंग कापडाच्या तंतूला का धरतो, हा तर साक्षात रासायनिक बंधाचाच प्रश्न होय.

वसुबंधूंच्या काळाच्या आसपास, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या डोंगरात वाकाटककालीन लेण्यांचे काम चालू होते. तेथील कारागिरांनी मातीत भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा केला, आणि गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दूरदेशीचा लाजवर्द असे रंग त्यावर चढविले. त्यांतील काही दीड हजार वर्षे टिकले आहेत. मातीचा कण मातीला कसा बांधावा, हे त्या हातांना माहीत होते. परमाणू परमाणूला कसा बांधला जातो, हे कोडे आचार्यांच्या बुद्धीला छळीत होते. या दोहोंचे संभाषण झाले असे कोणताही ग्रंथ सांगत नाही. अभिधर्मातील स्पर्शवादात ना रंगाऱ्याची साक्ष काढली जाते, ना लोहाराची.

युरोपातील उत्तर : प्रथम गणना, मग कारण

हा प्रश्न अखेर सुटला तो एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत, युरोप-अमेरिकेत. प्राचीन ग्रीक व रोमन परमाणुवाद्यांनी परमाणूंना आकडे असावेत अशी कल्पना केली होती. ती काही आपल्या वायुधातूहून सरस नव्हती. फरक पडला तो तराजूमुळे. इंग्लंडमधील एका विणकराचा मुलगा जॉन डाल्टन याने १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला ठराविक सापेक्ष वजन असते आणि अणू ठराविक संख्येने जुळतात, असे मांडले. पाण्यात हायड्रोजनच्या एक भाग वजनास ऑक्सिजनचे आठ भाग येतात, हे कोणालाही पुन्हा तोलून पाहता येत होते. डाल्टनने पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू धरला होता. ती चूक पुढील पन्नास वर्षांत अवोगाद्रो व कॅनिझारो यांच्या विचारांमुळे दुरुस्त झाली. शास्त्राचे वैशिष्ट्य हेच की, त्यात गुरूची चूक दाखविणे हा गुरुद्रोह मानला जात नाही.

अणू जुळतात कशामुळे? स्वीडनच्या बर्झेलियसने धन व ऋण विद्युत् असे उत्तर दिले. मिठासारख्या पदार्थांना ते बरेच लागू पडले. परंतु हायड्रोजनचा अणू हायड्रोजनच्याच अणूला का धरतो? दोघे सारखेच आहेत, मग आकर्षण कोठून येणार? येथे उत्तर थांबले. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी एक शहाणपण केले. कारण कळत नसेल तर निदान मोजू या, असे त्यांनी ठरविले. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केलेल्या एडवर्ड फ्रँकलंडने १८५२ मध्ये दाखविले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची जोडून घेण्याची क्षमता ठराविक असते. हीच संयुजा. १८५८ मध्ये केकुले व कूपर यांनी कार्बनची संयुजा चार असते आणि कार्बनचे अणू परस्परांना जोडून साखळ्या करतात, हे स्वतंत्रपणे मांडले. दोन अणूंमधील बंध छोट्या रेघेने दाखविण्याचा प्रघात कूपरने पाडला. १८७४ मध्ये व्हांट हॉफ व ल बेल यांनी कार्बनचे चार बंध चौफलकाच्या चार टोकांकडे वळलेले असतात असे प्रतिपादिले. रेघ म्हणजे नेमके काय, हे यांपैकी एकालाही माहीत नव्हते. तरीही त्या रेघेच्या बळावर शेकडो नवे पदार्थ प्रयोगशाळेत तयार झाले.

कारण कळले ते अणूचा अविभाज्यपणा गेल्यावर. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. १९११ मध्ये रदरफर्डने अणूचे केंद्रक दाखविले. १९१६ मध्ये जर्मनीत कोसेलने आयनिक बंध स्पष्ट केला : सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनचा घेतो आणि विरुद्ध भारांचे आकर्षण त्यांना बांधते. त्याच वर्षी अमेरिकेत गिल्बर्ट ल्यूइसने दुसरा प्रकार सांगितला : दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक होते. कूपरची रेघ म्हणजे हीच जोडी. परंतु दोन ऋणभारित इलेक्ट्रॉन एकत्र नांदतात कसे? याचे उत्तर १९२७ मध्ये झुरिच येथे वाल्टर हाइटलर व फ्रिट्झ लंडन या दोन तरुणांनी नव्या पुंजयामिकीच्या साहाय्याने दिले. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की कोणता इलेक्ट्रॉन कोणाचा, हा भेदच उरत नाही. त्यांच्या फिरकी विरुद्ध असतील, तर दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉन आढळण्याची शक्यता वाढते, दोन्ही केंद्रके त्यांच्याकडे ओढली जातात आणि एकूण ऊर्जा घटते. फिरकी सारख्या असतील, तर अणू एकमेकांना दूर सारतात. त्यांच्या ढोबळ गणिताने बंधाच्या प्रत्यक्ष ऊर्जेपैकी सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जेचा हिशेब लागला. पुढे तो अधिकाधिक अचूक होत गेला. लायनस पॉलिंगने हा विचार इतर पदार्थांपर्यंत नेला आणि १९३९ मध्ये रासायनिक बंधाच्या स्वरूपावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

आता वैभाषिकांचा प्रश्न पुन्हा विचारू या. हायड्रोजनच्या रेणूतील दोन केंद्रकांत सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या सुमारे पाऊण पट अंतर असते. याहून दूर नेले तर ती ओढली जातात, याहून जवळ आणले तर ती ढकलली जातात. मग अणू एकमेकांना स्पर्श करतात काय? अणूला चेंडूसारखी कडाच नसल्यामुळे हा प्रश्न त्या रूपात उरत नाही. 'सर्वांगाने की एका बाजूने' हा पेच अविभाज्य, घट्ट कणाच्या कल्पनेतून जन्मला होता. ती कल्पना गेली आणि पेचही गेला. वसुबंधूंनी परमाणूच्या कल्पनेतील दोष अचूक दाखविला होता. मात्र त्यावरून बाह्य जग नाकारण्याची गरज नव्हती. परमाणू निरवयव नाही, एवढेच मानणे पुरेसे होते. टाळीचे उत्तरही मिळाले. दोन हातांतील अणूंचे इलेक्ट्रॉन, १९२५ साली पाउलीने सांगितलेल्या नियमामुळे, एका ठिकाणी दाटी करू शकत नाहीत, म्हणून हात हातात शिरत नाही. आणि दगड दगडाला चिकटण्याची जी गोष्ट आचार्यांनी अशक्य म्हणून सांगितली, तिच्यासारखी एक गोष्ट खरोखर घडते. हवा काढून टाकलेल्या पोकळीत धातूचे दोन अत्यंत स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तर ते उष्णतेवाचून जोडले जातात. कारण तेथे या धातूचा अणू आणि त्या धातूचा अणू यांत भेद उरत नाही.

२००९ मध्ये झुरिचजवळच्याच एका प्रयोगशाळेत अत्यंत सूक्ष्म टोकाच्या साहाय्याने पेंटासीनच्या एका रेणूची प्रतिमा मिळाली आणि केकुलेच्या काळापासून कागदावर काढली जाणारी कार्बनची षटकोनी कडी प्रत्यक्ष दिसली. बंध ही केंद्रके व इलेक्ट्रॉन यांहून वेगळी तिसरी वस्तू नव्हे, हेही आता स्पष्ट आहे. संबंधाला स्वतंत्र पदार्थ मानू नका, असा बौद्धांचा वैशेषिकांशी वाद होता, त्याची येथे आठवण होते. पण यावरून हाइटलर व लंडन यांना प्रतीत्यसमुत्पादाचे भाष्यकार ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. 'पुंजयामिकी'तील 'पुंज' आणि बौद्ध ग्रंथांतील 'परमाणुपुंज' हे जसे केवळ नामसदृश आहेत, तसेच हेही.

हात आणि बुद्धी यांची ताटातूट

येथे खरा ऐतिहासिक प्रश्न उपस्थित होतो. ज्या देशात हा प्रश्न इतक्या तीक्ष्णपणे विचारला गेला, तेथे त्याचे उत्तर का सापडले नाही? बुद्धी कमी पडली असे म्हणता येत नाही. हातांचे कौशल्यही होते. राजस्थानातील झावर येथे जस्ताचे ऊर्ध्वपातन युरोपच्या कित्येक शतके आधी होत होते. रसशास्त्रात तर पाऱ्याच्या 'बंधा'चे अनेक प्रकार वर्णिले आहेत.

या प्रश्नाचे उत्तर एका रसायनशास्त्रज्ञानेच दिले आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात मर्क्युरस नायट्राइट हे संयुग तयार केले. पाऱ्याचे दोन अणू परस्परांना बांधलेले असतात, त्या वर्गातले हे संयुग. त्यांच्या भारतीय रसायनविद्येच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये व दुसरा १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडात त्यांनी विज्ञानाच्या ऱ्हासाची मीमांसा केली आहे. जातिव्यवस्था कठोर झाल्यावर कलाकौशल्ये खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली. समाजातील विचार करणारा वर्ग हाताच्या कामापासून दूर झाला. त्यामुळे घटनांमागील 'कसे' आणि 'का' यांचा शोध मावळला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सुश्रुताने शवविच्छेदन आवश्यक मानले, तर मनुस्मृतीने प्रेताचा स्पर्श विटाळाचा ठरविला, हा विरोधही ते दाखवितात. जातिनिर्मूलनावरील, प्रत्यक्षात न झालेल्या १९३६च्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद दाखविला, त्याचा शास्त्राच्या इतिहासातील पुरावाच जणू राय यांनी आधी मांडून ठेवला होता. परमाणूच्या स्पर्शाची इतकी सूक्ष्म चर्चा करणाऱ्या देशात माणसाचा स्पर्श निषिद्ध ठरला. चामडे कमावणारा, धातू वितळविणारा, कापड रंगविणारा यांना जे रोज हाताने कळत होते, ते ग्रंथ लिहिणाऱ्यांना ऐकावयाचेच नव्हते.

बौद्ध परंपरेनेही याबाबत आत्मपरीक्षण केले पाहिजे. संघात नापित उपालीला मानाचे स्थान होते. नखावर थेंब टाकून पाहण्याची रीत विनयात होती. तरीही पुढच्या विद्यापीठीय विहारांत अभिधर्म मुख्यतः वादविद्येचा विषय झाला.

राय यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडासाठी ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्राचीन परमाणुवादाचे विद्वत्तापूर्ण विवेचन लिहिले. ते १९१५ मध्ये वाढीव स्वरूपात स्वतंत्र ग्रंथात आले. त्यात जैनांच्या बंधकल्पनेला आधुनिक विद्युत्-कल्पनेच्या जवळ नेण्याकडे कल आहे. विद्वानांनी सावधपणे केलेली अशी तुलना पुढे बाजारात येते तेव्हा तिचे 'सर्व काही आमच्याकडे होतेच' असे रूप होते. राय यांचे शिष्य, मागास मानलेल्या कुटुंबात जन्मलेले थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९३९च्या सुमारास या वृत्तीची कठोर चिकित्सा केली. त्यांच्या संशोधनाची माहिती ऐकून एका वकिलाने, यात नवे काय, हे सारे वेदात आहेच, असे म्हटले होते. साहांनी त्या वकिलास विचारले की, वेदात नेमके कोठे आहे? वेद न वाचलेल्या त्या गृहस्थांपाशी उत्तर नव्हते.

'वेदात आहे' म्हणणाऱ्यास आपण हसतो. मग 'अभिधम्मात आहे' म्हणणाऱ्याचे काय करावे? व्याख्यानपीठावरून आम्ही तेच केले होते.

समारोप

आमच्या पूर्वसूरींचा गौरव कमी होईल म्हणून हे लिहिण्यास आम्ही काही काळ कचरलो. परंतु विचारान्ती असे वाटते की, यातच त्यांचा खरा गौरव आहे. बंधन हे द्रव्याचे एक कार्य आहे, ते अनुमानाने जाणावे लागते, त्यासाठी ईश्वराची इच्छा कारण म्हणून मानू नये, आणि आपल्याच परमाणूच्या कल्पनेत विसंगती असेल तर ती झाकू नये, इतके त्यांनी शिकविले. उत्तर त्यांना मिळाले नाही. कारण ते केवळ युक्तिवादाने मिळणारे नव्हते. त्यासाठी तराजू, भट्टी आणि काचेची नळी हवी होती. आणि ती हाताळणाऱ्यास विद्वानांच्या पंक्तीत जागा हवी होती.

ती विद्यार्थिनी पुन्हा भेटली, तर तिला आम्ही सांगू : कलाप म्हणजे रेणू नव्हे, तुझा दुसरा प्रश्न काश्मीरच्या आचार्यांनीही विचारला होता, त्याचे उत्तर मात्र तुझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे, ते तेथेच वाच, आणि शक्य झाले तर प्रयोगशाळेत स्वतः करून पाहा. विहारातील अभिधम्माच्या वर्गांनीही हाच क्रम ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ग्रंथातून प्रश्न घ्यावा, आणि रंग शिजला की नाही हे पाहण्यासाठी थेंब आपल्या नखावर टाकून पाहावा.